रिकाम्या पोहऱ्याची साक्ष

आमचा सारा जन्म धातु चालविण्यांत गेला. पण ते धातु लोखंड-तांब्याचे नव्हत, पाणिनीच्या धातुपाठांतले. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, त्यापुढें पाठशाळेंत थोडें व्याकरण व थोडा न्याय, आणि नंतर सन २०१६ पर्यंत छत्तीस वर्षें लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं मास्तरकी, एवढीच आमची पुंजी. असे आम्ही विजेच्या मोटरीविषयीं लिहूं लागलों हें पाहून वाचकांस नवल वाटेल. मोटर दुरुस्त कशी करावी हें आम्ही सांगणार नाहीं; तो आमचा अधिकार नव्हे. मोटर बिघडलेली नसतांना एका माणसावर आळ कसा आला, तो आळ पक्का करण्यास आमचाहि हात कसा लागत होता, आणि यंत्रानें दिलेली साक्ष नीट वाचल्यामुळें तो कसा टळला, एवढेंच सांगावयाचें आहे.

निवृत्तीनंतर आम्ही लातुरास धाकट्या बंधूंच्या घरीं राहतों. घर एकत्र आहे. पुतण्या एका डाळमिलमध्यें यंत्रांच्या देखभालीचें काम पाहतो. सन २०२५ च्या जानेवारींत, पौषाच्या थंडींत, तो ओळीनें तीन रात्री जेवणाच्या वेळीं घरीं आला नाहीं. चौथ्या रात्रीं आला तो पानावर बसून भात चिवडीत राहिला. भावजय म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच विचारा आतां. मला तो कांही सांगत नाही." आम्हीं विचारलें, तेव्हां हात वाळेपर्यंत त्यानें सर्व हकीकत सांगितली.

मिलमध्यें एक उभा एलिव्हेटर आहे. रुंद पट्ट्यावर ओळीनें बादल्या बसविलेल्या. खालीं हॉपरमधून तूर पडते, बादल्या ती उचलून वरच्या मजल्यावर नेतात. हा पट्टा ५ अश्वशक्तीची मोटर फिरविते. मोटरीस वीज थेट मिळत नाहीं. मध्यें 'ड्राइव्ह' असतो. हा ड्राइव्ह तारांतून येणारी उलटसुलट वाहणारी वीज आधीं सरळ करून घेतो आणि मग तिला हव्या त्या गतीनें पुन्हा उलटसुलट करून मोटरीस देतो. त्यामुळें मोटरीचा वेग आपल्या हातांत राहतो. हें करतांना तो मोटरीकडे जाणारा प्रवाह सतत मोजतो व त्यावरून, मोटरीस किती पीळ लावावा लागत आहे याचा अदमास बांधतो. या पिळालाच कारखान्यांत सारे 'टॉर्क' म्हणतात. टॉर्क ठरलेल्या मर्यादेखालीं गेला व कांहीं सेकंद तेथेंच राहिला, कीं ड्राइव्ह मोटर थांबवितो आणि पडद्यावर सांकेतिक अक्षरें दाखवितो. या एलिव्हेटरास मर्यादा ३५ टक्क्यांची व मुदत १० सेकंदांची घातलेली होती. गेल्या दहा दिवसांत तो सात वेळां 'टॉर्क कमी' म्हणून थांबला होता, आणि सातहि वेळां पहाटे चार ते सहाच्या दरम्यान.

व्यवस्थापकांनीं निकाल दिला होता. टॉर्क कमी म्हणजे भार नाहीं. भार नाहीं म्हणजे तूर नाहीं. तूर नाहीं म्हणजे हॉपर रिकामें. हॉपर रिकामें म्हणजे रात्रपाळीचा माणूस झोंपला! पायरीला पायरी कशी चपखल बसली होती. पहाटेची वेळ तर या तर्कास शोभूनच दिसत होती.

पुतण्या म्हणाला, "नानाकाका, तो माणूस तुमच्या शाळेंतला आहे. तुमच्याशीं खोटं बोलणार नाही. त्यानं कबूल केलं, तर मी साहेबांना सांगून त्याची नोकरी वाचवीन. नाहीतर शनिवारीं त्याचा हिशेब होणार."

हेतु चांगला होता. आम्ही दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मिलवर गेलों ते कबुली घेण्यासाठींच गेलों, हें येथें लिहून ठेवणें आम्हांस भाग आहे.

माणूस चव्वेचाळीस-पंचेचाळिशीचा. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आम्हांस पाहतांच त्यानें वांकून नमस्कार केला आणि आम्ही कांहीं विचारण्यापूर्वींच म्हणाला, "गुरुजी, हॉपर भरलेलं होतं. मीं डोळ्यांनीं पाहिलं."

तो स्वर आम्हीं पूर्वीं ऐकलेला होता. सन १९९४ मध्यें हा आठवींत होता. संस्कृताच्या तासाला फळ्यावरचें उतरवून घ्यावयाचें, आणि याची वही रोज कोरी. विचारलें कीं म्हणे, "गुरुजी, मला येतं." कोरी वही हातांत धरून 'येतं' म्हणणाऱ्या मुलाचा आम्हांस संताप आला. वही कोरी म्हणजे अभ्यास नाहीं. अभ्यास नाहीं म्हणजे मुलगा आळशी. चार दिवस त्यास आम्हीं वर्गाबाहेर उभें केलें. पुढें शाळेंत आरोग्य-तपासणीस डॉक्टर आले, तेव्हां कळलें कीं मागच्या बाकावरून त्यास फळाच दिसत नव्हता. ऐकून ऐकून त्यानें विभक्तीचीं सर्व रूपें तोंडपाठ केलेलीं होतीं. आम्हीं त्यास पहिल्या बाकावर आणून बसविलें. परंतु 'माझें चुकलें' हे दोन शब्द आमच्या तोंडून त्या वेळीं निघाले नाहींत, आणि नंतरच्या तीस वर्षांतहि नाहीं.

आम्हीं कबुलीचा विषय काढला नाहीं. एवढेंच विचारलें, "हॉपर भरलेलं होतं, तर मग यंत्र पुन्हा सुरूं कसं झालं?" तो म्हणाला, "मीं बांबूनं हॉपर बडवलं, गुरुजी. बडवलं कीं चालू होतं. साहेब येईपर्यंत सगळं चालूच असतं. मग कोण ऐकतं? काल तर वाटलं, आंत उतरूनच दाखवावं कीं बघा, भरलेलं आहे."

घरीं आल्यावर पुतण्या ओसरीवर वाट पाहत होता. आम्हीं सांगितलें, "कबुली मिळाली नाहीं, कारण आम्हीं मागितलीच नाहीं. आतां तूं आमचें थोडें ऐक."

पाठशाळेंत शिकलेला न्याय अशा वेळीं आठवतो. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघण्यास इंधन ओलें असावें लागतें. या वरून लागणाऱ्या अटीस शास्त्रकार 'उपाधि' म्हणतात. हॉपर रिकामें असेल तर टॉर्क कमी होईल, हें निर्विवाद. परंतु टॉर्क कमी झाला म्हणून हॉपर रिकामेंच असलें पाहिजे, हें कोणी ठरविलें? आणि हॉपर रिकामें असलें तरी माणूस झोंपलाच होता, हें तर त्याहूनहि दूरचें.

दुसरें उदाहरण आम्हीं त्याच्या आजोळच्या वाड्यांतील आडाचें दिलें. रहाटावरून भरलेला पोहरा ओढतांना दोर तळव्यांस कांचतो. पोहरा नीट बुडला नाहीं तर तो हलका येतो, तरी त्याचें स्वतःचें वजन हातास कळतें. आणि गांठ सुटून पोहरा आडांत पडला, तर नुसता दोर सरसर वर येतो. 'हात हलका लागला' हें दोन्ही वेळां खरें. पण एका वेळीं पोहरा पुन्हा बुडवावयाचा असतो, दुसऱ्या वेळीं गळ टाकून काढावयाचा असतो. शिवाय पोहरा रिकामा आला म्हणून आड आटला, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. "तुझ्या ड्राइव्हचा हात किती हलका लागला होता, हें त्याला विचारतां येतें काय?"

पुतण्या एकदम उठून बसला. "येतं, नानाकाका! बंद पडतांना टॉर्क किती, प्रवाह किती, वेग किती, हें त्याच्या नोंदींत राहतं. आम्हीं फक्त सांकेतिक अक्षरं वाचलीं आणि रीसेटचं बटण दाबलं."

त्यानें आम्हांस आणखी एक मौजेची गोष्ट सांगितली. हाच दोष निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नांवांनीं दाखवितात. यास्कावाच्या ड्राइव्हांवर 'यूएल ३' हीं अक्षरें येतात व त्यांचा अर्थ केवळ 'टॉर्क मर्यादेहून कमी' एवढाच असतो. डॅनफॉसच्या कांहीं ड्राइव्हांवर ९५ हा आंकडा येतो व पुस्तिकेंत त्यापुढें 'पट्टा तुटला' असें असतें. परंतु ड्राइव्हला पट्टा दिसत नाहीं. त्याला दिसतो तो प्रवाह. पट्टा तुटल्याचें हें त्याचेंहि अनुमानच. मिलमधला ड्राइव्ह तिसऱ्याच कंपनीचा होता, पण न्याय सर्वांस तोच.

दुसऱ्या दिवशीं त्यानें जें केलें, तें आम्हीं शेजारीं उभें राहून पाहिलें. प्रथम मोटरीवरील पत्र्याचे आंकडे, म्हणजे शक्ति, व्होल्ट, अँपियर व फेरे, ड्राइव्हमध्यें भरलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहिले. मोटर बदलली आणि आंकडे जुनेच राहिले, तर टॉर्कचा अदमासच खोटा ठरतो. येथें ते जुळले. मग त्यानें वीज तोडली, मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली खिशांत टाकली, आणि पुस्तिकेंत सांगितलेलीं मिनिटें थांबला. कारण ४१५ व्होल्टांच्या ड्राइव्हच्या पोटांत सुमारें ५८५ व्होल्टांची सरळ वीज सांठलेली असते व स्विच पाडल्यावरहि ती लगेच ओसरत नाहीं. मीटरनें ती ओसरल्याची खात्री केल्यावरच त्यानें हात घातला. मोटरीच्या तारा घट्ट होत्या. पट्टे ताणलेले होते, पुलीच्या खोबणी झिजलेल्या नव्हत्या, दांड्यावरची चावी शाबूत होती. पट्टा घसरत असतां तर जळक्या रबराचा वास व किंकाळी यावयास हवी होती. ती कोणी ऐकली नव्हती.

नंतर तीन मापें घेतलीं. तूर भरून एलिव्हेटर चालविला, तेव्हां टॉर्क ६२ टक्के. तूर बंद करून रिकामा चालविला, तेव्हां २७. पट्टे उतरवून नुसती मोटर फिरविली, तेव्हां ५. भरला पोहरा, रिकामा पोहरा, आणि नुसता दोर!

आम्हीं विचारलें, "यासाठीं ड्राइव्हच कशाला? अँपियर मोजून भागणार नाहीं?" त्यानें चिमट्याचा मीटर लावून दाखविला. भरलेल्या एलिव्हेटरास साडेपांच अँपियर, रिकाम्यास सव्वाचार, आणि नुसत्या मोटरीस पावणेचार! रिकामा पोहरा आणि तुटलेला दोर यांत अवघा अर्धा अँपियर अंतर. याचें कारण असें कीं मोटर कांहीं काम करीत नसली तरी तिला आपल्यांतील चुंबकत्व उभें ठेवण्यापुरता प्रवाह घ्यावाच लागतो. ड्राइव्ह तो भाग मनांतल्या मनांत वजा करतो व काम करणारा भाग तेवढा पाहतो. म्हणून या मर्यादा अँपियरवर न ठेवतां टॉर्कवर ठेवणें अधिक भरंवशाचें.

मग ड्राइव्हच्या नोंदी उघडल्या. त्यांत शेवटच्या चार वेळांचे आंकडे शिल्लक होते. थांबण्याच्या क्षणीं टॉर्क २७, २६, २७ व २८, वेग पुरा. म्हणजे पट्टा तुटलेला नव्हता, चावी मोडलेली नव्हती, एलिव्हेटर नीट फिरत होता आणि बादल्या रिकाम्या होत्या. येथवर व्यवस्थापकांचें म्हणणें खरें ठरलें. आणि आमचा विद्यार्थी म्हणत होता कीं हॉपर भरलेलें होतें. दोन्ही साक्षी खऱ्या धरल्या तर खोटें काय? खोटी ती मधली पायरी.

त्या पहाटे आम्ही तिघे हॉपरपाशीं बसलों. पुतण्यानें बजावून ठेवलें होतें कीं यंत्र थांबलें तर कोणीं बांबूस हात लावावयाचा नाहीं व रीसेटहि करावयाचें नाहीं. पांचाला दहा मिनिटें असतांना भोंगा वाजला. पडद्यावर टॉर्क २७. पुतण्यानें वीज तोडून कुलूप घातलें, आणि हॉपरच्या तोंडाखालची खिडकी उघडून विजेरीचा झोत आंत टाकला. नळी कोरडी ठणठणीत, एक दाणा नाहीं. मग शिडीवरून वर जाऊन पाहिलें, तों हॉपर कांठोकांठ भरलेलें!

तुरीनें आंत कमान धरली होती. डाळ करण्यापूर्वीं तुरीला ओरखडे पाडून तेल चोळतात, पाणी देतात व उन्हांत वाळवितात. पौषाचें ऊन कोंवळें; माल पुरता वाळला नव्हता. संध्याकाळीं भरलेली ती दमट तूर रात्रभर आपल्याच भारानें दबून पहाटेपर्यंत अरुंद तोंडावर कमानीसारखी एकमेकींत अडकून बसे. वरून पाहणारास हॉपर भरलेलें, खालून पाहणारास रिकामें. बांबूचा तडाखा बसला कीं कमान ढांसळे, तूर वाहूं लागे, आणि पुराव्याचा मागमूसहि उरत नसे. तर्कसंग्रहांतील ओलें इंधन असें डाळमिलच्या हॉपरांत भेटेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

पुतण्या मात्र हंसला नाहीं. तो आमच्या विद्यार्थ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही काल आंत उतरणार होता?" त्यानें मान हलविली. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. अशा कमानीवर माणूस उभा राहिला आणि ती ढांसळली, तर खालच्या पोकळींत धान्याबरोबर तोहि ओढला जातो, व छातीभर धान्यांत रुतलेल्या माणसास वर ओढून काढणें चार जणांच्यानेंहि होत नाहीं. आपण खोटें बोलत नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं तो आपला जीव पणास लावणार होता! त्याच दिवशीं हॉपरच्या तोंडावर जाळी बसली व आंत उतरण्यास सक्त मनाई झाली.

व्यवस्थापकांनीं सर्व ऐकून घेतलें. त्यांनीं आळ मागें घेतला, पण म्हणाले, "मग ही मर्यादाच काढून टाका. रोज उठून मिल कशाला थांबवायची?" हा मोह साऱ्याच कारखान्यांत होतो असें पुतण्या सांगतो. मर्यादा काढली तर ओरडणारा गप्प होतो, कारण तसेंच राहतें. आणि उद्यां पट्टा खरोखरच तुटला, तर मोटर मजेंत फिरत राहील व खालीं तुरीचा ढीग सांचेल. त्यानें मर्यादा काढली नाहीं, दोन केल्या. टॉर्क ३५ टक्क्यांखालीं १० सेकंद राहिला तर यंत्र थांबत नाहीं, फक्त भोंगा वाजतो: माल येत नाहीं, हॉपर पाहा. १५ टक्क्यांखालीं ३ सेकंद गेला तर मात्र यंत्र थांबतें: कांहीं तुटलें आहे, कुलूप घालून पाहा. हॉपरच्या भिंतीस त्यानें एक लहान थरथर देणारें यंत्र लावलें, आणि थंडींत तूर आणखी एक दिवस वाळवावी असें ठरलें. पॅनेलच्या दारावर ६२, २७ व ५ हे तीन आंकडे व त्यांचे अर्थ एका कागदावर लिहून लावले आहेत. तो कागद आमच्या अक्षरांत आहे. हे आंकडे त्या एका एलिव्हेटराचे. दुसऱ्या यंत्रानें ते उसने घेऊं नयेत, आपापले मोजावे, असेंहि खालीं लिहिलें आहे.

शनिवारीं हिशेब झाला नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही मिलच्या फाटकाशीं थांबलों व आमच्या विद्यार्थ्यास बाजूला घेऊन म्हणालों, "आठवींत तुला चार दिवस बाहेर उभा केला होता. आमचें चुकलें." तो गोंधळला, मग चष्मा काढून पंचाच्या टोकानें पुसूं लागला. म्हणाला, "गुरुजी, त्याच वर्षीं हा चष्मा लागला. नाहीतर पॅनेलवरचं मला कांही वाचतां आलं असतं का?" त्यानें आम्हांस क्षमा केली, कीं क्षमा करण्यासारखें कांहीं घडलेंच नाहीं असें दाखवून आमची लाज राखली, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

तेव्हांपासून रात्रीं झोंप लागेनाशी झाली कीं आमच्या डोळ्यांपुढें छत्तीस वर्षांतल्या कोऱ्या वह्या येतात. कांहीं मुलें खरोखरच आळशी असतील. कांहींच्या घरीं कांहीं तुटलेलें असेल. आणि कांहीं कांठोकांठ भरलेलीं, केवळ तोंडाशीं कमान धरून बसलेलीं असतील. आम्हीं सगळ्यांवर एकच अक्षर लिहिलें आणि पुढच्या वहीकडे वळलों. त्यांतलीं कोणतीं कोणत्या जातीचीं होतीं, हें आतां कळावयास मार्ग नाहीं. कारण त्या वर्गाचा ड्राइव्ह आम्हीच होतों, आणि आम्हीं नोंद ठेवली ती फक्त निकालाची.